माणकोजीअण्णा आणि डावा माइक

"तुम्हाला इथं कुणी पाठवलं?"

माणकोजीअण्णांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी नाव सांगायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. म्हटलं, जाहिरात वाचून अर्ज केला, मुलाखत झाली, घेतलं. 

"जाहिरात मीपण वाचली," ते म्हणाले. "बेळगावहून माणूस मागवल्याचं त्यात नव्हतं."

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. बंगळूरच्या कँटोनमेंट भागात एका जुन्या बंगल्यात ध्वनिमुद्रणाची एक खासगी संस्था होती. मद्रासचे रेकॉर्ड काढणारे लोक इथल्या कलावंतांची मुद्रणं आमच्याकडून करून घ्यायचे. टेपा नीट लावून ठेवणं, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं, कुठली टेप कुणाकडे गेली ते लिहिणं, हे माझं काम. माणकोजीअण्णा मुद्रणाचे प्रमुख. वय पन्नाशीच्या आसपास, उंच, कोरडे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडं आलं ते इथंच राहिलं. शहराच्या गवीपूर भागात घर. घरी मराठी बोलत, पण त्या मराठीत निम्मी कन्नड मिसळलेली. "स्वल्प सरका", "सरी, सरी, ठेवा तिथं" असं चालायचं. स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं. पहिले पंधरा दिवस मला त्यांचं निम्मं बोलणं कळलं नाही, आणि कळलं तेव्हा ते सगळं संशयाचंच निघालं.

मायक्रोफोनच्या पेटीला ते कुलूप लावत. कुलपावर विश्वास नसे म्हणून कडीला काळा दोरा बांधत, आणि सकाळी आधी दोरा पाहून मग कुलूप उघडत. सगळ्यांत नाजूक माइकच्या आत धातूची कागदापेक्षा पातळ फीत असायची. तो माइक ते बायकोच्या जुन्या रेशमी चोळीच्या कापडाच्या पिशवीत ठेवत आणि स्वतःच उचलत. हवेवरही त्यांचा विश्वास नव्हता. पाऊस भरून आला की तबल्याचं, मृदंगाचं कातडं सैल पडतं, म्हणून सकाळी जुळवलेलं वाद्य ते दुपारी पुन्हा पहिल्यापासून तपासत. वादक कुरकुरला तर म्हणत, "तुमच्यावर नाही हो, ढगावर संशय आहे." पण तो वादकावरही असायचा.

तालवाद्य हा त्यांचा खास प्रांत. गाणाऱ्याचा आवाज कुणीही पकडेल, मारलेला आवाज पकडून दाखवा, असं ते म्हणत. त्यांची पद्धत मी पुष्कळदा पाहिली. वादकाला वाजवत ठेवायचं. एका कानात कापसाचा बोळा घालायचा, कारण माइकला एकच कान असतो. मग वाद्याभोवती फिरायचं. कधी वाकून, कधी गुडघ्यांवर, कधी स्टुलावर चढून. मध्येच एका जागी ते थांबत, मान हलकेच मागंपुढं करत, आणि खिशातून खडू काढून फरशीवर खूण करत. उंची विती आणि बोटांनी मोजत. वादक म्हणाला, "माझं वाद्य असं वाजत नाही," तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "तुम्ही वरून ऐकता. मांडीवरचा मृदंग तुम्हाला जसा ऐकू येतो तसा जगात दुसऱ्या कुणालाच येत नाही. तेव्हा त्याबद्दल तुम्ही सगळ्यात शेवटी बोलायचं."

असं बोलणाऱ्या माणसाला मित्र कमी असतात. मला नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता, तेव्हा आमचे व्यवस्थापक शामण्णा मला मुद्रणाच्या खोलीच्या दारात भेटले. आत कुणी नव्हतं.

"कुसुमबाई, एक काम आहे, पण बोलायचं नाही," ते म्हणाले. "तिघा वादकांची तक्रार आली आहे. माणकोजीराव आवडत नाही त्याचा आवाज मुद्दाम बिघडवतात म्हणे. तुमची खोली शेजारीच आहे. आत कोण जातं, किती वेळ असतं, कशाला हात लावतं, वहीत लिहीत जा."

माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी हो म्हटलं. टेपांच्या नोंदवहीमागं दुसरी एक पातळ वही ठेवली आणि दोन खोल्यांमधल्या काचेतून पाहायला लागले.

त्या वहीतली पहिली मोठी नोंद डेस्मंडसाहेबांची. ते अँग्लो-इंडियन, राहायला व्हाइटफील्डला. तेव्हा तिथं बागा आणि बैठी घरं होती, माणसं थोडी. कँटोनमेंटच्या एका नाचाच्या हॉलमध्ये ते पाश्चात्त्य ड्रम वाजवत. आपल्या बँडची रेकॉर्ड काढायची म्हणून ते व्हॅनमधून सगळा पसारा घेऊन आले: पायानं वाजवायचा मोठा ड्रम, तीन लहान, पितळी झांजा. कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचून त्यांनी ठरवूनच टाकलं होतं की फितीचा माइक मोठ्या ड्रमच्या तोंडाशी हवा.

"नाही," माणकोजीअण्णा म्हणाले. ते दोघं इंग्रजीत बोलत होते.

"का नाही? चांगला माइक तुम्ही दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवला आहे का?"

मी काचेमागं वही उघडली. तक्रार झाली ती हीच, असं मला वाटलं. माणकोजीअण्णांनी मेणबत्ती पेटवली, मोठ्या ड्रमपासून वीतभर अंतरावर धरली, आणि म्हणाले, "मारा." डेस्मंडसाहेबांनी पाय दाबला. मेणबत्ती विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली.

"ही हवा त्या फितीवर गेली तर फीत लोंबकळेल. मग तिला दुरुस्तीला मद्रास."

त्यांनी फितीचा माइक डेस्मंडसाहेबांच्या डोक्याच्या स्वल्प मागं, उंच टांगला. मोठ्या ड्रमसाठी दुसरा, दणकट माइक हातभर लांब ठेवला, तोही तोंड तिरकं करून, म्हणजे हवेचा झोत कडेनं जाईल. ड्रमच्या पोटात घोंगडी भरली. घोंगडी पाहून डेस्मंडसाहेबांचा चेहरा लाल झाला. आपल्या ड्रमचा गळा दाबला जातोय याची त्यांना खात्रीच पटली होती. मुद्रण ऐकायला ते हाताची घडी घालून बसले. टेप संपल्यावर म्हणाले, "पुन्हा लावा." तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "मी खरंच असा वाजवतो?"

"मला काय माहीत," माणकोजीअण्णा म्हणाले. "मी हॉलमध्ये कधी आलो नाही."

पुढच्या शनिवारी माणकोजीअण्णा त्या हॉलमध्ये गेले. कोट घालून, नाचणाऱ्यांच्या मागं भिंतीशी उभे राहून, एका कानात बोळा घालून त्यांनी दोन तास ऐकलं. तेव्हापासून डेस्मंडसाहेब अधूनमधून आमच्याकडं केकचा तुकडा घेऊन यायचे. माणकोजीअण्णा तो आधी हुंगून मग खायचे.

पुढं साठच्या दशकाच्या सुरुवातीला नागराज आला. शिमोग्याकडचा, इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेला, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा. त्याचं म्हणणं, मृदंगाला दोन तोंडं आहेत तर माइकही दोन हवेत, एक उजव्या कातड्यासमोर, एक डाव्या. दोन्हीचा आवाज यंत्रात एकत्र करायचा. माणकोजीअण्णांना हे पटलं नाही, पण मद्रासच्या लोकांना नवीन काही हवं होतं आणि शामण्णांनी होकार दिला. त्यामुळं माणकोजीअण्णांचा संशय नागराजवर पहिल्या दिवसापासून बसला. त्यानं जोडलेली प्रत्येक तार ते तो जेवायला गेला की उघडून बघत. मी ते वहीत लिहीत होते.

त्याच सुमारास सरोजम्मा आल्या. बंगळूरच्याच बसवनगुडीत राहायच्या, मृदंग वाजवायच्या. बाईनं मृदंग वाजवायचा हीच तेव्हा लोकांना खटकणारी गोष्ट. वडील मृदंगवादक, मुलगा नाही, म्हणून त्यांनी मुलीला शिकवलं होतं. वय चाळीस. एका नामवंत गायिकेनं हट्ट धरला होता की माझ्या रेकॉर्डवर साथ सरोजम्माच करतील. मद्रासचे लोक नाइलाजानं तयार झाले, पण त्यांनी कळवलं की आधी नमुन्याचं मुद्रण पाठवा, ऐकून ठरवू.

मुद्रणाच्या दिवशी माणकोजीअण्णा नेहमीसारखे वाकून फिरले, खडूनं खुणा केल्या. सरोजम्मांनी डाव्या तोंडाला रव्याचा लगदा लावला. त्यानं खर्ज भरदार येतो. त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि काचेपलीकडं माझ्या टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरला. माणकोजीअण्णांनी कानातला बोळा काढला आणि दोन्ही कानांनी ऐकत उभे राहिले. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

टेप मद्रासला गेली. दोन आठवड्यांनी पत्र आलं. बाईंच्या उजव्या हाताचं कौतुक होतं, आणि पुढं लिहिलं होतं की डाव्या हातात जोर नाही, बायकांकडून तो येणंही कठीण, तरी दुसरा वादक पाहावा.

माणकोजीअण्णांनी पत्र उभ्यानंच वाचलं. मग मुद्रणाच्या खोलीत गेले, गुडघ्यांवर बसून फरशी पाहिली, आणि नागराजला हाक मारली. दोन माइकचे स्टँड मुद्रणापासून तसेच उभे होते. डाव्या स्टँडचा पाय खडूच्या खुणेपासून तीन बोटं सरकलेला होता.

"या खोलीची किल्ली दोघांकडं. माझ्याकडं आणि तुझ्याकडं," ते म्हणाले. "मी खुणा करून वळल्यावर तू डावा माइक हलवलास."

"मी कशाला हलवीन, सर? मी यंत्रापाशी होतो."

"तुझ्या दोन माइकांचं खूळ खरं ठरावं म्हणून काहीतरी करायला गेलास. त्या बाईचा हात कापून टाकलास तू."

शामण्णा धावत आले. नागराज म्हणाला, "यांच्या हाताखाली मला एक दिवस काम करायचं नाही," आणि त्याच दुपारी राजीनामा देऊन गेला.

मला ठाऊक होतं की त्यानं स्टँड हलवला नव्हता. मुद्रणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, माणकोजीअण्णांनी दार उघडून दिल्यावर, झाडणाऱ्या बाईंनी फडकं मारताना तो सरकवला होता. मी काचेतून पाहिलं होतं. पण ते सांगायचं तर मी रोज सकाळी काचेतून काय पाहत असते, तेही सांगावं लागलं असतं. मी गप्प बसले. वहीत मात्र लिहिलं होतं, तारखेसह.

चार महिने गेले. त्या काळात माणकोजीअण्णा ती टेप किती वेळा ऐकत होते ते मी मोजलं नाही. आमच्या खोलीतला लाउडस्पीकर लहान होता, त्यात खर्ज असा नीट ऐकूच यायचा नाही. एके दिवशी ते डेस्मंडसाहेबांना भेटले आणि नाचाच्या हॉलमधला कपाटाएवढा लाउडस्पीकर चार हमाल लावून घेऊन आले. त्यावर टेप लावली. खरंच डावा हात नव्हता. कातड्यावर बोटं पडल्याचा नुसता टकटक आवाज, त्यामागं काही नाही.

"पण मी ऐकला होता," ते मला म्हणाले. "तुम्हीपण ऐकला होता ना अक्का?"

"माझा पेला हलला होता, अण्णा."

त्यांनी एक जुना मृदंग आणला, शामण्णांच्या शिपायाला डाव्या तोंडावर एकसारख्या थापा मारायला बसवलं, आणि फक्त डावा माइक चालू केला. बंगला घुमला. मग फक्त उजवा. त्यातही खर्ज होता, थोडा कमी. मग दोन्ही. खर्ज नाहीसा झाला. त्यांनी हे तीनदा केलं. मग डाव्या माइकच्या तारेचं टोक उघडलं, आतल्या दोन तारा सोडवून एकमेकींच्या जागी जोडल्या आणि पुन्हा दोन्ही माइक लावले. कपाटाएवढ्या लाउडस्पीकरमधून असा आवाज आला की शिपाई वाजवायचा थांबला.

माणकोजीअण्णा खुर्चीत बसले.

"या तारा आधी अशाच होत्या," ते म्हणाले. "नागराजनं अशा उलट जोडल्या होत्या. मुद्रणाच्या आदल्या दिवशी मी टोक उघडून बघितलं. मला वाटलं, पोराला सुलटं-उलटं कळत नाही, नाहीतर मुद्दाम करतोय. मी त्या सरळ केल्या. कुणाला सांगितलं नाही."

मला समजावं म्हणून त्यांनी दोन्ही तळहात समोरासमोर धरले. डाव्या कातड्यावर थाप पडली की ते आत जातं, आणि मृदंगाच्या पोटातली हवा उजवं कातडं बाहेर ढकलते. एक माइक सांगतो आत, दुसरा सांगतो बाहेर, आणि बेरीज होते शून्य. म्हणून समोरासमोरच्या दोघांपैकी एकाच्या तारा उलट्या ठेवायच्या. नागराजला ते शिकवलं होतं. त्याला विचारलं असतं तर त्यानं एका वाक्यात सांगितलं असतं.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "मग स्टँड कुणी हलवला?"

मी सांगितलं. झाडणारी बाई, दुसऱ्या दिवशी सकाळी.

"तेव्हा का बोलला नाहीत?"

माझी नजर काचेकडं गेली. तेच म्हणाले, "वहीमुळं?"



"शामण्णा तुमच्याशी दारात बोलले तेव्हा आत माइक चालू होता, आणि मी यंत्राच्या खोलीत हेडफोन लावून बसलो होतो," ते म्हणाले. "पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे."

"मग तुम्ही कधी काही म्हणाला का नाहीत?"

"तुम्ही खरं लिहिता का खोटं, ते बघत होतो."

त्यांनी वही मागितली नाही. मी ती दुसऱ्या दिवशी शामण्णांपुढं ठेवली, झाडणाऱ्या बाईंचं पान उघडून, आणि म्हटलं की यापुढं लिहिणार नाही. मला नोकरीवरून काढलं नाही, पण त्यानंतर शामण्णा माझ्याशी कामापुरतंच बोलायचे.

सरोजम्मांकडं जाताना माणकोजीअण्णांनी मला बरोबर नेलं. बाईमाणूस असेल तर त्या दार लावून घेणार नाहीत, असा त्यांचा हिशेब असावा. सरोजम्मा ओट्यावर एका विद्यार्थिनीला शिकवत होत्या. आम्हाला बसा म्हणाल्या नाहीत. माणकोजीअण्णांनी उभ्यानं कन्नडमध्ये सगळं सांगितलं. तारा, चूक, आपला हात. काही लपवलं नाही.

सरोजम्मांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "चार महिने," त्या म्हणाल्या. "गावभर झालं की सरोजाच्या डाव्या हातात जोर नाही. कार्यक्रम गेले. मलाही ते खरं वाटायला लागलं. मी रवा वाढवला, जास्त जोरानं मारायला लागले, मनगट सुजवून घेतलं. आज तुम्ही म्हणता तारांची चूक. उद्या आणखी काही म्हणाल."

"म्हणू शकतो," माणकोजीअण्णा म्हणाले. "म्हणून तुम्ही येऊन स्वतः ऐका."

"एका अटीवर येते. माइक कुठं ठेवायचा ते मी सांगणार."

मला वाटलं, आता संपलं. ते म्हणाले, "वाजवणारा वरून ऐकतो, अम्मा. त्याला..."

"ठाऊक आहे. मी वाजवणार नाही. ही वाजवेल." त्यांनी विद्यार्थिनीकडं बोट दाखवलं. "मी फिरेन."

तसंच झालं. मुद्रणाच्या खोलीत विद्यार्थिनी वाजवत होती आणि सरोजम्मा पदर खोचून, एका कानावर हात ठेवून मृदंगाभोवती फिरत होत्या. माणकोजीअण्णा भिंतीशी उभे होते. सरोजम्मा समोर, डाव्या बाजूला स्वल्प झुकून, फरशीपासून दीड वीत उंचीवर थांबल्या. एकच माइक, इथं. माणकोजीअण्णांनी खडू काढून खूण केली. त्यांच्या मते ती जागा चार बोटं उजवीकडं हवी होती. हे त्यांनी मला त्या गेल्यावर सांगितलं, पण माइक चार बोटं काय, केसभरही हलवला नाही. सरोजम्मांनी वाजवलं, मोठ्या लाउडस्पीकरवर ऐकलं, आणि मनगट चोळत बसून राहिल्या. टेपेबरोबर माणकोजीअण्णांनी मद्रासला स्वतःच्या सहीचं पत्र पाठवलं, पहिल्या मुद्रणातली चूक आपली म्हणून. मद्रासहून होकार आला. रेकॉर्डवर सरोजम्मांचं नाव गायिकेच्या नावाखाली बारीक अक्षरात छापलं होतं, पण छापलं होतं.

नागराज पुण्याला गेला होता, रेडिओच्या कारखान्यात. माणकोजीअण्णांनी त्याला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. त्यांना वाटलं, टपालवाल्यानं पत्रं दिलीच नसतील. तिसरं रजिस्टरनं पाठवलं. पोचपावती आली, त्यावर नागराजची सही होती. मग टपालवाल्यावरचा संशय संपला.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं आणि मी नोकरी सोडून बेळगावला परत निघाले. पुण्याच्या गाडीत बसले तर समोरच्या बाकावर माणकोजीअण्णा, पायांशी लहान ट्रंक. रजा काढून नागराजला भेटायला निघाले होते. तिकीट खरंच पुण्याचं आहे ना, हे त्यांनी आधी मला दाखवून पक्कं करून घेतलं, मग तिकीट तपासनीसाला. वाटेत एकदा म्हणाले, "भेटल्यावर आधी काय म्हणावं? तारांचं सांगावं, का माफी मागावी?"

मी म्हटलं, "माफी. तारांचं त्याला ठाऊकच आहे."

ते हसले. मी त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं.

पुण्यात काय झालं ते पुढं सरोजम्मांच्या पत्रातून कळलं. नागराजनं दार उघडलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. परत यायला तो तयार झाला नाही. माणकोजीअण्णांनीही आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी तो त्यांना स्टेशनवर सोडायला आला होता.

त्या प्रवासात मी बेळगावला उतरले. माझी ट्रंक त्यांनी खिडकीतून खाली दिली आणि हमालाच्या हातात ती जाईपर्यंत कडी सोडली नाही. गाडी हलली तसे ते बाकावरून उठून दाराशी आले. शेजारच्या प्रवाशानं त्यांची जागा घेतली असती तरी त्यांना कळलं नसतं, कारण त्यांची पाठ आत होती आणि तोंड पुण्याच्या दिशेला. मला वाटलं ते वळून एकदा तरी बाकाशी राहिलेल्या आपल्या ट्रंकेकडं बघतील. गाडी फलाटाच्या बाहेर गेली तोवर तरी त्यांनी बघितलं नाही.